सर्पगंधेचे माप घेणारा वैद्य : डॉ. रुस्तुम जाल वकील

आपल्या देशात वनस्पतींचे गुण गाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. तुळस, आवळा, हळद, अर्जुन, गुळवेल यांची महती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोणत्या दुखण्यावर कोणता पाला वाटून लावावा, कोणत्या सालीचा काढा घ्यावा, हे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतोच. परंतु अमुक मुळी इतक्या रोग्यांना दिली, इतक्या दिवसांत इतक्यांना गुण आला आणि इतक्यांना आला नाही, असे नेटाने टिपून ठेवणारा माणूस मात्र विरळा. अशाच एका विरळ माणसाची ओळख मला यंदा ग्रंथालयात झाली. त्यांचे नाव डॉ. रुस्तुम जाल वकील. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ते काम करीत. सर्पगंधा नावाच्या झुडपाच्या मुळीने चढलेला रक्तदाब उतरतो, ही गोष्ट त्यांनी १९४९ साली आकड्यांनिशी जगापुढे मांडली. भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने एका हृदयरोगतज्ज्ञाचे चरित्र लिहावे, याचे काही मैत्रिणींना नवल वाटले. माझे विषय मराठी आणि इतिहास. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला. तरीही हा विषय मी निवडला, कारण तो आमच्या घरात शिरला होता.

आमचे घर घोरावाडीचे. पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामधले हे छोटे स्टेशन ठाऊक असेल. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक छापील कागद माझ्यासमोर येतो. विजेचे बिल असो, रेशनचा फॉर्म असो की दवाखान्याची चिठ्ठी असो, वाचायची मी. गेल्या पावसाळ्यात आजीच्या चिठ्ठीवर १७० आणि १०० असे आकडे आले. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. आजीने ती दोन महिने घेतली आणि मग बंद केली. बाजारात एका विक्रेत्याकडून तिने एक तपकिरी बाटली आणली होती. बाटलीवर आवळ्याचे आणि हृदयाचे चित्र होते आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत अँटिऑक्सिडंट असा शब्द होता. बाटलीची किंमत महिन्याच्या गोळ्यांपेक्षा जास्त होती. आजीचे म्हणणे साधे होते. गोळी ही साहेबाची, बाटली ही झाडाची. आणि झाडाने कधी कोणाचे वाईट केले आहे काय?

घरच्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. शिकलेली मी होते ना! आजीला अडाणी म्हणून गप्प बसवणे सोपे होते. पण जिने मला लहानाची मोठी केली, तिच्या बोलण्यात काही तथ्य आहे की नाही हे न पाहता तसे करणे मला बरे वाटले नाही. म्हणून मी शोधू लागले, आणि शोधता शोधता डॉ. वकिलांपर्यंत पोहोचले.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ सालचा, मुंबईच्या पारशी समाजातला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते मुंबईत रुग्ण तपासू लागले. तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरच्या पेटीत विलायती औषधे असत आणि देशी मुळ्या वैदूच्या झोळीत असत. या दोघांची वाट सहसा एक होत नसे. डॉक्टर मुळीला थोतांड समजे आणि वैदू डॉक्टरला परका समजे. डॉ. वकिलांनी या दोन्हींपैकी कोणाचीच री ओढली नाही. मुळी चांगली की वाईट, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेपाशी बसून पाहायचे ठरवले.

त्यांच्या कामाचे मोल कळायचे, तर त्या वेळी रक्तदाबाच्या रोग्याची स्थिती काय होती हे आधी पाहिले पाहिजे. आपले हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो तो वरचा आकडा, आणि हृदय सैल पडते तेव्हा जो जोर उरतो तो खालचा आकडा. हा जोर वर्षानुवर्षे चढलेला राहिला, की हृदयाला जादा कष्ट पडतात. त्याची भिंत जाड होते, पुढे ते थकते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या खराब होतात, मेंदूतील वाहिनी फुटून पक्षाघात होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. आणि हे सारे होईपर्यंत रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून तर आजीला गोळी थांबवावीशी वाटली. तिचे काही दुखतच नव्हते!

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत चालला होता आणि शेवटच्या दिवशी तो ३०० आणि १९० असा भरला. जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाजवळ उत्तमोत्तम डॉक्टर होते. पण त्या डॉक्टरांच्या हातात रक्तदाब सुरक्षितपणे उतरवील असे औषध नव्हते. विश्रांती, मीठ कमी करणे, झोपेच्या गोळ्या, नुसता भात आणि फळे यांचा कडक आहार, किंवा पाठीतील मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच उपाय त्या काळी होते. गरीब माणसाला यांतले कितीसे परवडणार?

आता त्या झुडपाकडे वळू. सर्पगंधा हे गुडघाभर, फार तर कमरेएवढे वाढणारे झुडूप. एकेका पेरावर तीन-चार पाने गोलाकार लागतात, पांढरी-गुलाबी फुले येतात आणि पिकल्यावर जांभळी-काळी होणारी बारीक फळे धरतात. मूळ लांब, वेडेवाकडे आणि चवीला कडू. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तिचे नाव येते. बिहारकडे तर लोक तिला वेड्याचे औषध म्हणूनच ओळखत, कारण वेडाच्या भरात असलेला माणूस तिने शांत होऊन झोपी जाई. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता. मुंबई बेटाचा भाडेपट्टा त्याच्याकडे होता. हिंदुस्थानातील औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि त्यात सर्पदंशावरच्या मुळ्यांची माहिती आली. पुढे १७०३ साली प्लूमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या कुळाला राउवोल्फिया हे नाव दिले. राउवोल्फ हा जर्मनीतील ऑग्सबर्गचा सोळाव्या शतकातील एक वैद्य. म्हणजे मुळी आपली आणि नाव परदेशी माणसाचे, असा प्रकार झाला.

डॉ. वकिलांच्या आधी आपल्या देशातील काही मंडळींनी या मुळीवर चांगले काम केले होते आणि त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी व त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि चढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते असे लिहिले. कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा यांच्या प्रयोगशाळेत तिच्या गुणांचा अभ्यास झाला. एवढे असूनही हे ज्ञान देशाबाहेर फारसे गेले नाही. येथील अनेक डॉक्टर मुळीच्या गोळ्या देत, रोग्यांना बरे वाटे, आणि गोष्ट तेथेच थांबे.

डॉ. वकील ही मुळी सुमारे दहा वर्षे वापरत होते. दहा वर्षे वापरून एखाद्याने खात्रीने बोलायला सुरुवात केली असती, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण माझ्या रोग्यांना गुण येतो, हे वाक्य प्रत्येक वैदूही म्हणतो. माणसाला बरे झालेला रोगी आठवतो आणि न झालेला विसरतो. शिवाय रक्तदाब आपोआपही खालीवर होतो. दवाखान्यात पहिल्यांदा आलेला माणूस घाबरलेला असतो, त्याचा आकडा चढलेला दिसतो. दोन-चार वेळा आला, ओळख झाली, की औषधाविनाच तो थोडा उतरतो. मग मुळीचा गुण कोणता आणि धीराचा कोणता, हे कसे ओळखायचे?

याचे उत्तर त्यांनी वहीत शोधले. ज्यांना दुसऱ्या कोणत्याही विकारावाचून रक्तदाब होता अशा रोग्यांना मुळीच्या गोळ्या देऊन, औषधापूर्वीचे आणि औषधानंतरचे आकडे त्यांनी मांडले. वरचा आकडा किती उतरला, खालचा किती, किती जणांत उतरला, किती जणांत नाही, आणि औषधाने त्रास काय झाला, हे सारे त्यात होते. पन्नास रोग्यांवरील हा अभ्यास लंडनच्या ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात १९४९ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य रोग्यांचा रक्तदाब उतरला होता, सर्वांचा नाही. आजच्या कसोटीने पाहिले तर या अभ्यासात एक उणीव होती. अर्ध्या रोग्यांना औषध आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी देऊन तुलना करण्याची रीत तेव्हा नुकतीच रुजत होती आणि ती येथे वापरलेली नव्हती. परंतु जे झाले ते उघड मांडले होते. त्यामुळे दुसऱ्याला ते पडताळून पाहता येत होते. मला वाटते, डॉ. वकिलांचे मोठेपण येथे आहे. दुसऱ्याने तपासावे अशा रीतीने त्यांनी आपले म्हणणे ठेवले.

आणि दुसऱ्याने ते तपासलेच. अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हा लेख वाचून मुळीचे औषध मिळवले, आपल्या रोग्यांना दिले आणि १९५२ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रिसर्पिन. १९५६ साली रॉबर्ट वुडवर्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत मुळापासून तयार करून दाखवले. याच वुडवर्ड यांना पुढे १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परळच्या रुग्णालयात मांडलेले आकडे सात-आठ वर्षांत अशा रीतीने जगभर फिरले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकाच्या क्षेत्रात हा पुरस्कार फार मानाचा समजतात. दुसऱ्या वर्षी, १९५८ साली, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

येथपर्यंतची कथा ऐकून आजीला आनंद झाला. झाडच शेवटी जिंकले, असे तिला वाटले. पण कथा एवढ्यावर संपत नाही, आणि पुढचा भागच मला अधिक मोलाचा वाटतो.

रिसर्पिन काम कसे करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी बारीक पिशव्यांत काही द्रव्ये साठवलेली असतात. त्यांतील एक द्रव्य रक्तवाहिन्यांना आवळून धरण्याचा निरोप पोहोचवते. रिसर्पिनमुळे या पिशव्या भरत नाहीत. निरोप क्षीण होतो, वाहिन्या सैल पडतात, नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो. परंतु तशाच पिशव्या मेंदूतही आहेत. म्हणून मुळीने नाक चोंदते, सुस्ती येते, पोट बिघडते, आणि मात्रा वाढली तर काही रोग्यांना खोल खिन्नता ग्रासते. वेड्याला शांत करणारा गुण आणि शहाण्याला खिन्न करणारा दोष, ही एकाच मुळीची दोन अंगे आहेत. याच धाग्यावरून स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांचा अभ्यास करून मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे कार्य उलगडले आणि कंपवाताच्या उपचाराची दिशा दाखवली. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. झाडाने कधी कोणाचे वाईट केले आहे काय, या आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. ज्या झाडात गुण करण्याची ताकद आहे, त्यात अवगुण करण्याचीही असते. सर्पगंधा आपल्या मनाने उकळून घेण्याची वस्तू नाही.

रक्तदाब उतरवला म्हणजे माणूस खरोखर वाचतो काय, हाही प्रश्न उरला होताच. आकडा उतरणे वेगळे आणि आयुष्य वाढणे वेगळे. याचा निकाल १९६७ साली लागला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्रेइस यांच्या पुढाकाराने, ज्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांचे दोन गट केले. ७३ जणांना तीन औषधे एकत्र दिली, ७० जणांना निर्गुण गोळ्या दिल्या. दोन वर्षेही झाली नाहीत तोच निर्गुण गोळ्यांच्या गटात २७ जणांवर पक्षाघात, हृदय दुर्बल होणे यांसारखी गंभीर संकटे आली. औषधांच्या गटात अशी संकटे फक्त २ जणांवर आली. त्या तीन औषधांतले एक रिसर्पिन होते. काही न दुखणाऱ्या माणसानेही रक्तदाबाची गोळी का घ्यावी, याचे स्पष्ट उत्तर या अभ्यासाने दिले, आणि त्या उत्तरात आपल्या सर्पगंधेचा वाटा होता.

डॉ. वकिलांचे काम मात्र एका मुळीपुरते नव्हते. हृदयविकाराचा मोठा झटका येण्यापूर्वी काही रोग्यांना छातीत वाढत जाणारी कळ येते. त्या अवस्थेचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि १९६१ साली त्यावर लिहिले. झटका येण्यापूर्वीच रोगी ओळखला तर त्याला वाचवता येईल, ही त्यामागची तळमळ. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेल्या रोगनिदानावरील पुस्तकातून रोग्याला पाहणे, चाचपणे, ऐकणे या गोष्टी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या. भारतीय डॉक्टरांनी भारतीय रोग्यांना समोर ठेवून लिहिलेला वैद्यकाचा मोठा ग्रंथ, एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन, १९६९ साली प्रथम निघाला तो त्यांच्या संपादनाखाली. वैद्यकाच्या इतिहासावरही त्यांनी लेखन केले. हृदयरोगतज्ज्ञाला इतिहासाची गोडी असावी, याचा मला, इतिहासाच्या विद्यार्थिनीला, विशेष आनंद झाला.

आता आजीच्या त्या तपकिरी बाटलीकडे येते. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, हे मी समजून घेतले ते असे. खोबऱ्याची वाटी बरेच दिवस उघडी राहिली की खवट लागते. तिच्यातील तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते बिघडते. काहीसे असेच आपल्या रक्तवाहिनीच्या भिंतीत घडते. तेथे शिरलेले कोलेस्टेरॉलचे कण बिघडले, की शरीरातील पेशी ते गिळतात, फुगतात, आणि वाहिनीत चरबीचा थर धरतो. पुढे हृदयाची वाट बंद होते ती यामुळे. हे बिघडणे रोखणारी द्रव्ये ती अँटिऑक्सिडंट. आवळ्यातील क जीवनसत्त्व, गाजराला रंग देणारे कॅरोटिन, तेलबियांतील ई जीवनसत्त्व, कांदा, चहा व सफरचंद यांतील फ्लेव्होनॉइड ही या कुळातील. आमच्या मावळातल्या जांभळांचा आणि करवंदांचा गर्द रंगही अशाच द्रव्यांचा.

अशी द्रव्ये खाल्ली तर हृदय वाचेल, ही कल्पना मोठी मोहक आहे, आणि तिला आधारही मिळाला. हॉलंडमधील झुटफेन या गावच्या ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत, ज्यांच्या आहारात फ्लेव्होनॉइड जास्त होते त्यांच्यात हृदयविकाराने मरण पावणारे कमी आढळले. पण जो माणूस कांदा, फळे आणि भाज्या खातो, तो कदाचित इतर बाबतींतही बेताने राहत असेल. म्हणून पुढची पायरी चढावी लागली. ती अशी की, तेच द्रव्य गोळीत भरून अर्ध्यांना द्यायचे आणि अर्ध्यांना निर्गुण गोळी द्यायची. हृदयरोगाचा धोका असलेल्या सुमारे साडेनऊ हजार माणसांवर असा प्रयोग झाला. त्यांच्यातील अर्ध्यांनी साडेचार वर्षे रोज ई जीवनसत्त्व घेतले. २००० साली निकाल आला. हृदयविकारात काहीच फरक पडला नव्हता. त्याआधी १९९४ साली फिनलंडमध्ये एकोणतीस हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट जास्त आढळला होता.

म्हणजे ताटातला आवळा खोटा ठरला काय? मुळीच नाही. भाज्या, फळे, कडधान्ये यांनी भरलेले ताट हृदयाला चांगले, हे आजही सर्व डॉक्टर सांगतात. ताटातील शेकडो द्रव्यांपैकी एकच उचलून बाटलीत भरले की ताटाचा गुण बाटलीत उतरतोच असे नाही, एवढेच या प्रयोगांनी दाखवले. सर्पगंधेचे आणि या द्रव्यांचे जन्मस्थान एकच, वनस्पती. दोन्हींबद्दल मोठ्या आशा होत्या. दोन्ही एकाच तराजूत घातली. एकीचे वजन भरले. दुसऱ्यांचे, निदान गोळीच्या रूपात, अजून भरलेले नाही. तराजूला झाडाविषयी राग नाही आणि लोभही नाही.

हे सारे मी आजीला एका दुपारी नीट सांगितले. साहेबाची गोळी आणि झाडाची बाटली, अशी वाटणी खरी नाही. रक्तदाबाच्या ज्या पहिल्या औषधांनी माणसे वाचली, त्यांत एक आपल्याच रानातली मुळी होती, आणि ती मोजून देणारा डॉक्टर मुंबईचा होता. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने बाटली फळीवर मागे सरकवली आणि डॉक्टरांकडे जायला तयार झाली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. जेवणात आवळा ठेवायला त्यांनी आनंदाने होकार दिला आणि लोणच्यातले मीठ कमी करायला सांगितले. तेव्हापासून एका जुन्या वहीत मी दर पंधरवड्याला तिचा आकडा लिहिते. १७० आणि १०० वरून तो १४२ आणि ८६ पर्यंत आला आहे. आजीला अक्षर येत नाही, पण आकडा ओळखता येतो. प्रत्येक वेळी वही ती आपल्या हातात घेऊन पाहते.

डॉ. वकिलांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९७४ साली, रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, अशी शंका घेणारे अभ्यास लॅन्सेट या नियतकालिकात आले. पुढे झालेल्या अभ्यासांत तेवढा धोका दिसला नाही. पण तोवर नवी, कमी त्रासाची औषधे आली होती आणि रिसर्पिन हळूहळू मागे पडले. आज डॉक्टर ते क्वचितच देतात. डॉ. वकील त्याच वर्षी निवर्तले. ज्या औषधाने त्यांना कीर्ती दिली, ते औषध असे मागे पडले म्हणून त्यांचे काम मागे पडले, असे मला वाटत नाही. त्यांच्या मुळीची जागा ज्या गोळ्यांनी घेतली, त्यांनाही त्यांच्यासारख्याच कोणीतरी रोग्यापाशी बसून, आकडे लिहून, न आलेला गुणही न लपवता पारखले आहे.

आमच्या पिढीपुढे रोज नवी बाटली येणार आहे; कधी ती परदेशातून येईल, कधी परंपरेच्या नावाने येईल. दोन्ही वेळा विचारायचा प्रश्न एकच: किती जणांना दिली, किती जणांना गुण आला, आणि ते कोठे लिहून ठेवले आहे? हा प्रश्न विचारायला विज्ञान शाखेत जावे लागत नाही. परळच्या एका डॉक्टरांनी तो विचारला, तेव्हा त्यांच्यापाशी एक कडू मुळी होती, पन्नास रोगी होते आणि एक वही होती.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, बी. ए.